चेंगडूतले तेहतीस तास

चीनच्या नैर्ऋत्य भागात यांगत्सेकाठी वसलेलं चोंगछिंग हे सुमारे तीन कोटी लोकसंख्येचं महानगर. २००७च्या अखेरीस बो शिलाई तिथे कम्युनिस्ट पक्षाचे सचिव म्हणून आले. क्रांतीच्या पिढीतले नेते बो यिबो यांचे हे चिरंजीव. दालियनचे महापौर, लियाओनिंगचे गव्हर्नर, वाणिज्यमंत्री अशी त्यांची चढती कमान होती. चोंगछिंगमध्ये त्यांनी लोकांना क्रांतिगीतं गायला लावली, टोळ्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि ती पोलीसप्रमुख वांग लिजुन यांच्या हाती सोपवली. ‘माझ्या अशिलाचा कोठडीत छळ झाला’ असं म्हणणारे वकील ली झुआंग यांनाच खोट्या पुराव्याच्या आरोपाखाली दीड वर्षाची कैद झाली. सचिवांचा शब्द हाच शहराचा कायदा झाला होता.

१३ नोव्हेंबर २०११, रात्र (बो यांचं पद जाण्याच्या १२३ दिवस आधी)
डोंगरावरच्या एका हॉटेलात ब्रिटिश व्यावसायिक नील हेवूड दारूच्या नशेत पाणी मागतो. बो यांच्या पत्नी गु काईलाई, स्वतः वकील, त्याच्या तोंडात सायनाइड ओततात. व्यवहारातल्या पैशांवरून वाद पेटलेला असतो.

१४ नोव्हेंबर (१२२ दिवस)
गु वांग यांना सगळं सांगतात. वांग ते गुपचूप रेकॉर्ड करतात. चारच दिवसांत शवविच्छेदनाशिवाय दहन होतं. नोंद पडते: अतिमद्यपानाने मृत्यू.

२८ जानेवारी २०१२ (४७ दिवस)
गु यांच्याशी बिनसल्यावर वांग तोंड उघडतात. खुनाचा संशय कुणावर आहे, ते बो यांना सांगतात.

२९ जानेवारी, सकाळ (४६ दिवस)
बो वांग यांच्या कानफटात मारतात.

२ फेब्रुवारी (४२ दिवस)
वांग यांच्याकडचं पोलीस खातं काढून घेतलं जातं. त्यांच्या जवळच्या माणसांची धरपकड सुरू होते. ज्या यंत्रणेने ते इतरांना उचलत होते, ती आता त्यांच्याच दिशेने येते आहे.

६ फेब्रुवारी, दुपारी २:३१ (३८ दिवस)
वांग चोंगछिंगबाहेरच्या चेंगडू शहरातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात शिरतात. बोलणं पर्यावरण, शिक्षण, विज्ञान अशा सरकारी विषयांवरून सुरू होतं. मग ते म्हणतात, जीव धोक्यात आहे, आश्रय द्या. अर्जही लिहून देतात. हेवूडचा खून झाला, हे ते अमेरिकी अधिकाऱ्यांना सांगतात.

६ फेब्रुवारी, रात्र
बाहेर पोलिसांचा गराडा. आठवडाभरात उपराष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग वॉशिंग्टनला जायचे आहेत. अमेरिका आश्रय देत नाही.

७ फेब्रुवारी, रात्री ११:३५ (३७ दिवस)
तेहतीस तासांनी वांग बाहेर येतात आणि चोंगछिंगच्या नव्हे, बीजिंगच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात जातात. प्रकरण आता बो यांच्या हद्दीबाहेर गेलं.

८ फेब्रुवारी, सकाळ (३६ दिवस)
चोंगछिंग सरकार जाहीर करतं: अतिश्रमामुळे वांग ‘सुट्टीवजा उपचार’ घेत आहेत. पुढे हीच थाप बो यांच्यावरच्या आरोपांत येते.

९ मार्च (६ दिवस)
बीजिंगमध्ये पत्रकारांपुढे बो म्हणतात, माणूस ओळखण्यात चूक झाली. पत्नीवर चिखलफेक चालली आहे.

१४ मार्च (१ दिवस)
पंतप्रधान वेन जियाबाओ पत्रकार परिषदेत सांस्कृतिक क्रांतीच्या शोकांतिकेची आठवण काढतात आणि चोंगछिंगच्या पक्षनेतृत्वाने गंभीर आत्मपरीक्षण करावं, असं सुनावतात.

१५ मार्च, सकाळ
एका त्रोटक बातमीत बो यांचं सचिवपद जातं. १० एप्रिलला पॉलिटब्युरोतून निलंबन. ऑगस्टमध्ये गु यांना स्थगित मृत्युदंड, सप्टेंबरमध्ये वांग यांना १५ वर्षं. २२ सप्टेंबर २०१३ रोजी जिनानच्या न्यायालयात लाचखोरी, अपहार आणि सत्तेच्या गैरवापरासाठी बो यांना जन्मठेप.

याला न्यायाचा विजय म्हणायला माझं मन तयार होत नाही. पोलीसप्रमुखाला दुसऱ्याच दिवशी माहीत असलेला खून पंच्याऐंशी दिवस दडून राहिला. तो फुटला तोही सत्तेतल्या माणसांचं आपसात बिनसलं म्हणून. शहरातल्या सर्वांत ताकदवान पोलिसालाही आपल्या देशात दाद मागायला जागा सापडली नाही. मग ली झुआंग यांच्यासारख्यांनी कुठे जायचं होतं? सचिवाला जाब विचारू शकणारं एक न्यायालय किंवा एक वृत्तपत्र चोंगछिंगमध्ये असतं, तर त्यांना तुरुंग पाहावा लागला नसता आणि हेवूडच्या मृत्यूची चौकशी त्याच आठवड्यात झाली असती. बो यांच्या जागी दुसरा सचिव आला. असं न्यायालय मात्र आलं नाही.