घारापुरी

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील बेट. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून पूर्वेस सुमारे १० किमी.; लाँचने तासाभराची वाट. धक्क्याजवळ उभ्या असलेल्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती आता भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

बेटावर दोन टेकड्या आहेत. पश्चिमेकडील टेकडीत शैव लेणी, तर पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष. मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्यातले मानतात. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर मिळाल्याने ते कलचुरींच्या काळातले असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. वऱ्हाडातल्या वाचकाला यात ओळखीचा धागा सापडेल. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेथील वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी घडली. पुढे वाकाटकांची सत्ता मोडली आणि या भागात कलचुरी पुढे आले.

घारापुरीच्या मुख्य लेण्याच्या दक्षिण भिंतीतील सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती जगप्रसिद्ध आहे: डावीकडे भुवया आक्रसलेला, मिशाळ, हाती नाग धरलेला अघोर, मध्ये मिटल्या डोळ्यांचा शांत तत्पुरुष, उजवीकडे हाती कमळ घेतलेला सौम्य वामदेव. मात्र कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीच्या विवाहाच्या, पट्टाशी थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. खाली मान घातलेली लाजरी पार्वती आणि मागून तिला हळूच पुढे करणारा वडीलधारा पाहिला, की कारागिराला घरचे लग्न ठाऊक होते याची खात्री पटते. पोर्तुगीज काळात अनेक शिल्पांची मोडतोड झाली. ही हानी भरून येणारी नाही. १९८७ मध्ये लेण्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांत आगरी-कोळी कुटुंबे राहतात. मासेमारी, भातशेती व होड्यांची दुरुस्ती हे जुने व्यवसाय. आता बहुतेकांचा संसार पर्यटकांवर चालतो. जगभरातून माणसे येणाऱ्या या बेटाला चोवीस तास वीज मात्र फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळातून केबल टाकल्यावर मिळाली. तोवर संध्याकाळचे काही तास जनित्रावर भागवावे लागे.

लेणी सोमवारी बंद असतात आणि पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. म्हणून सकाळच्या लाँचने निघावे, आणि लेणी पाहून झाल्यावर मोराबंदरापर्यंतही जाऊन यावे.