शुश्रूषागृहांतील आरोग्य माहिती तंत्रज्ञान

रुग्णाची नोंद, तपासण्या, औषधे, बिल आणि विम्याचा दावा संगणकावर ठेवण्याची पद्धत. महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांची नोंदणी शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली (1949) होते. चार खाटांचे प्रसूतिगृह आणि शहरातले मोठे इस्पितळ, दोन्ही त्यातच मोडतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनी डॉक्टरांना आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायला, मागितल्यास 72 तासांत द्यायला आणि शक्यतो संगणकावर न्यायला सांगितले. शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला.

संगणक छोट्या दवाखान्यांत शिरला तो सरकारी तपासणीच्या वाटेने. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंदयंत्र जोडायला लावले आणि ‘एफ’ फॉर्म (गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद) ऑनलाइन भरणे सक्तीचे केले. क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये प्रशासनाच्या बाजूने निकाल दिला. 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक झाले. त्यासाठी ‘निक्षय’ प्रणाली आहे.

दुसरी वाट पैशांची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि 2013 मध्ये राज्यभर, म्हणजे धाराशिवलाही (तेव्हाचे उस्मानाबाद) आली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शस्त्रक्रियेपूर्वीची मंजुरी ऑनलाइन घ्यावी लागते, त्यामुळे योजनेत असलेल्या रुग्णालयाला स्कॅनर, इंटरनेट आणि ते चालवणारा माणूस ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. सिस्टरने केसपेपरवर हाताने लिहिलेले ताप-नाडीचे आकडे आणि औषधांच्या वेळा दाव्यासाठी पुन्हा स्कॅन होतात. एकच नोंद दोनदा करण्याचा हा भार परिचारिकांवर पडतो. सुधारणेच्या आराखड्यांत त्याचा विचार फार कमी होतो, आणि व्हायला हवा.

संगणक आला तरी दवाखान्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्याचा त्रास रुग्णालाही होतो. उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या तेरणाकाठच्या गावाचे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. दुखणे वाढले की रुग्ण धाराशिव, लातूर, बार्शी किंवा सोलापूर गाठतो. प्रत्येक दवाखान्याची फाइल वेगळी. एकाचे सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाचता येत नाही, म्हणून डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे घरच्यांनी पिशवीतून न्यायचे. एखादा कागद गहाळ झाला की तपासणी पुन्हा. याच टापूत नोंद ठेवण्याची एक भक्कम परंपराही आहे: बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी. 1987 पासून चालणाऱ्या या देशातल्या पहिल्या ग्रामीण नोंदणीत बार्शीबरोबर धाराशिवचे परांडा आणि भूम हे तालुके आहेत. तिचे बळ गावोगाव फिरून रुग्ण शोधणाऱ्या कार्यकर्त्यांत आहे. सॉफ्टवेअर विकत घेऊन असे काम उभे राहत नाही.

रुग्णाची फाइल त्याच्याबरोबर फिरावी, हा आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा (27 सप्टेंबर 2021) हेतू. त्यात रुग्णाला 14 अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो, डॉक्टर आणि दवाखाने यांची स्वतंत्र नोंदवही असते आणि रुग्णाच्या संमतीने नोंदी एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात. सर्वांच्या नोंदी एकाच साच्यात याव्यात म्हणून केंद्राने 2013 मध्ये मानके ठरवली, 2016 मध्ये ती सुधारली. त्यांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. 2023 मध्ये नोंदींच्या संख्येनुसार रुग्णालयांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना प्रोत्साहनपर रक्कम देणारी योजना सुरू झाली. नोंदी जितक्या जास्त तितकी रक्कम वाढते, त्यामुळे एकट्या डॉक्टरच्या प्रसूतिगृहाच्या वाट्याला थोडेच येते. संमतीचा ओटीपी मोबाइलवर येतो. गावाकडच्या आजीच्या नावापुढे पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर असेल, तर तो फोन उचलेपर्यंत नोंद अडते. अशा वेळी डॉक्टर पुन्हा कागदाकडेच वळतात.