उसाचा तंतू व रोगप्रतिकार

उसाच्या कांडीतील रस काढल्यावर उरणारा न विरघळणारा भाग म्हणजे तंतू. त्याचेच चिपाड होते. गडमुडशिंगीसह करवीर तालुक्याच्या ऊसपट्ट्यात वाण निवडताना साखरेइतकाच हा गुणही महत्त्वाचा ठरतो. तंतूची बळकटी सालीखालच्या दाट वाहक पुंजांवर आणि त्यांच्या पेशीभित्तीतील लिग्निनवर अवलंबून असते. तंतू कमी असलेला ऊस चरकात सहज पिळला जातो, मात्र वाऱ्यात लोळतो.

पूर्वीचा पुंड्या ऊस मऊ, रसाळ, पण रोगाला नाजूक. कोइमतूरच्या पैदासकारांनी जाड उसाचा रानटी काशाशी संकर केला, तेव्हा काटकपणा आणि तंतू दोन्ही वाढले. म्हणून कठीण ऊस तो निरोगी, असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे. लाल कूज रोगाची बुरशी बेण्यातून पसरते आणि डोळे, मुळांचे उंचवटे यांवाटेही आत शिरते. पुढे तिला रोखतात ते मुख्यतः पेशींत तयार होणारे बुरशीरोधक पदार्थ. रोगट ऊस उभा चिरला, की तांबड्या गरात आडवे पांढरे पट्टे दिसतात आणि आंबूस वास येतो. साखरेचे विघटन झाल्याने अशा उसाचा गूळ घट्ट बसत नाही. काणी रोगाने ग्रस्त ऊस याउलट बारीक, तंतुमय होतो आणि शेंड्यातून काळा चाबूक फुटतो.

को ७४० हा वाण काणीला, तर कोसी ६७१ लाल कुजीला बळी पडत असे. १९९६ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला को ८६०३२ (नीरा) काणीला प्रतिकारक आहे.