खानदेशातील धाब्याचे घर व सौर उष्णतेचा इतिहास

सूर्याच्या उष्णतेवर घर उबदार ठेवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सामान्यतः थंड देशांतील यंत्रांचा आणि पेटंटांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मे महिन्यात ज्याचा पारा ४२ अंशांपलीकडे जातो त्या पाचोऱ्याला अशा इतिहासात स्थान नसावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु त्या परिसरातील जुन्या धाब्याच्या घराचा विचार केला असता, हा प्रश्न मुळात यंत्राचा नसून भिंतीचा आहे हे ध्यानात येते.

पाऊस बेताचा आणि काळ्या जमिनीच्या मैदानात इमारती लाकूड दुर्मिळ, या परिस्थितीतून धाब्याचे घर घडले. एक हात किंवा त्याहून जाड मातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर किलचांचा थर आणि त्यावर वीतभर माती, अशी त्याची रचना असे. एवढ्या जाडीच्या भिंतीतून उष्णता आरपार जाण्यास सुमारे दहा-बारा तास लागतात. दुपारी तापलेल्या भिंतीची ऊब मध्यरात्रीनंतर आत पोहोचते. थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली उतरतो तेव्हा ही दिरंगाई उपकारक ठरते. उन्हाळ्यात मात्र तीच जाचक होते. वैशाखात माणसे बाज घेऊन अंगणात किंवा धाब्यावर निजत, ती केवळ वाऱ्याच्या हौसेने नव्हे.

तरीही या घरास सौर घर म्हणणे ही अतिशयोक्ती होईल. भिंतीने दिवसा घेतलेल्या उष्णतेचा मोठा भाग रात्री निरभ्र आकाशाकडे परत जातो. तो अडविण्यास भिंतीपुढे काच हवी, आणि काच खानदेशी बांधणीत नव्हती. झरोके लहान असल्याने ऊनही आत फारसे येत नसे. पहाटेची शेकोटी म्हणूनच सुटली नाही.

काच आणि भिंत यांची सांगड इतरत्र पडली. १८८१ मध्ये अमेरिकेतील सेलेम येथील एडवर्ड मोर्स याने काळ्या पाटीच्या दगडापुढे काच बसवून हवा तापविण्याचे पेटंट घेतले. १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर येथे मारिया टेल्केस यांनी ग्लॉबर क्षारात उष्णता साठविणारे घर उभारले. पण क्षाराचे घटक विलग होऊ लागले आणि काही हिवाळ्यांनंतर ती योजना सोडावी लागली. याउलट १९६७ मध्ये फ्रान्समधील ओदेयो येथे फेलिक्स ट्राँब व वास्तुविशारद जॅक मिशेल यांनी काळी रंगविलेली काँक्रीटची जाड भिंत काचेमागे उभी केली, ती टिकली. पुढे लडाखमधील मातीच्या घरांनीही हीच रीत स्वीकारली.

मुंबईत काच होती, पण ती निराळ्या कामी लागली. उच्च न्यायालयाचे उपनिबंधक विल्यम ॲडम्स यांनी आरशांनी किरण एकवटून अडीच अश्वशक्तीचे बाष्पयंत्र चालविले, आणि ऐन जानेवारीत सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजविल्याचे नमूद केले. त्यांचा ग्रंथ १८७८ मध्ये मुंबईतच प्रसिद्ध झाला. त्यांची चिंता थंडीची नव्हती, महाग सरपणाची व कोळशाची होती.

अक्षांशाचाही येथे संबंध येतो. हिवाळ्याच्या मध्यान्ही सूर्य ओदेयो येथे क्षितिजापासून सुमारे २४ अंश, लेह येथे ३२ अंश, तर पाचोऱ्यास ४६ अंश उंचीवर असतो. मेअखेरीस पाचोऱ्यास तो थेट डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीवर मध्यान्हीचे ऊन जवळजवळ पडतच नाही, सारा मारा छपरावर होतो. म्हणजे दक्षिण भिंतीपुढे बसविलेली काच येथे हिवाळ्यात ऊब देऊन उन्हाळ्यात फारशी अडचण करती ना. उन्हाळ्याची अडचण छपराची होती, आणि ती मातीच्या जाड थराने काहीशी सोसली जाई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धाब्याची जागा पत्रे व सिमेंटच्या स्लॅबने घेतली. धाबे दर पावसाळ्यापूर्वी लिंपावे लागे, गळे. गृहस्थाने ते सोडले यात नवल नाही. परंतु चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून उष्णता तीन-चार तासांतच आत उतरते. दुपारची झळ संध्याकाळी घरात येते आणि थंडीत पहाटेपर्यंत काहीच उरत नाही. त्याच स्लॅबवर पुढे खानदेशातील शहरांतून काचेखालचे सौर जलतापक दिसू लागले. त्यांतील ऊब आंघोळीच्या पाण्यापुरती असते, खोल्यांपर्यंत ती येत नाही.