देह न आलेल्यांचे थडगे

इंग्लंडमधल्या अनेक खेड्यांत चर्चच्या आवारात, नाहीतर त्याच्या फाटकालगत, पहिल्या महायुद्धाचा दगडी क्रूस उभा असतो. खाली दोन-चार पायऱ्या, मग चौथरा, त्यावर निमुळता खांब आणि माथ्यावर क्रूस. चौथऱ्यावर गावातल्या मृतांची नावे. ज्यांचा ब्रिटिश साम्राज्याशी संबंध प्रजा म्हणून आला, त्यांना हा क्रूस म्हणजे विजयस्तंभाची गावठी आवृत्ती वाटणे स्वाभाविक आहे. पण पुरावे पाहिले तर हा समज टिकत नाही. गावी परत न आलेल्या देहांचे थडगे म्हणून लोकांनी हे क्रूस उभारले. ते कुठे उभे राहिले आणि त्यांवर काय कोरले गेले, याचा उलगडा त्याच कारणातून होतो.

मार्च 1915 मध्ये फ्रेंच सेनापती जोफ्र यांनी रणभूमीवरची प्रेते उकरून नेण्यास मनाई केली. पुढच्याच महिन्यात माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये मारला गेला. घराणे वजनदार, म्हणून त्याचा देह वेल्समधल्या हॉवर्डनला, घरच्या दफनभूमीत आणला गेला. त्यानंतर ब्रिटिशांनीही हा मार्ग बंद केला. ऐपतवाल्यांची मुले घरी येणार आणि मजुरांची परक्या मातीत राहणार, हा भेद रणभूमीवरच्या कबरींची नोंद ठेवणाऱ्या फेबियन वेअर यांना मान्य नव्हता. त्यांच्या प्रयत्नातून 1917 मध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झाले. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी 1918 मध्ये अहवाल दिला, की सर्वांच्या कबरीवर एकाच आकाराची शिळा असावी, हुद्द्यावरून फरक नसावा. तत्त्व उदात्त होते, पण आईबापांना त्याची किंमत मोजावी लागली. मुलाचा देहही मिळेना आणि त्याच्या डोक्याशी शिळा असावी की क्रूस हेही ठरवता येईना. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी हजारो सह्यांचा अर्ज केला, की शिळेऐवजी निदान क्रूस तरी उभारू द्या. मे 1920 मध्ये पार्लमेंटात त्यावर कडाक्याची चर्चा झाली आणि कमिशनचेच म्हणणे कायम राहिले. त्याच सुमारास खेडोपाडी क्रूस उभे राहत होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. शासनाने रणभूमीवर जे नाकारले, ते गावाने आपल्या दारात उभे केले.

इंग्लंडच्या धार्मिक इतिहासाकडे पाहिले, तर ही गोष्ट आणखी ठसते. चर्चच्या आवारातला क्रूस तिथल्या प्रॉटेस्टंट मनाला फार काळ संशयास्पद होता. 1643 मध्ये पार्लमेंटने चर्चमधले आणि आवारातले क्रूस पाडण्याचा हुकूमच काढला होता, आणि मध्ययुगीन क्रूसांचे नुसते बुंधे अनेक आवारांत उरले होते. मृतांसाठी प्रार्थना करणे हीसुद्धा कॅथलिकांची रीत मानली जाई. तरीही 1916 मध्ये लंडनच्या साउथ हॅकनी भागातल्या गल्ल्यांत, आघाडीवर गेलेल्यांची आणि मेलेल्यांची नावे लिहिलेली छोटी स्मृतिस्थाने उभी राहिली. लोक त्यांच्यापुढे फुले ठेवू लागले. राणी मेरी तिथे गेली ती नंतर.  तीन शतकांची धार्मिक नावड इतक्या लवकर विरघळते, तेव्हा तिच्यामागे विजयाचा आनंद नसतो. ज्यांना रडायला जागा उरलेली नव्हती त्यांची ती निकड होती.

यावर पहिला आक्षेप असा, की हे क्रूस जमीनदार आणि पाद्री यांनी ठरवले, गावाने फक्त मान डोलावली. समित्यांमध्ये या मंडळींचा वरचष्मा असे, हे खरे. पण खर्च सहसा वर्गणीतून निघे, आणि त्या वर्गणीत मजुरांची नाणीही असत. स्मारक म्हणून सभागृह बांधावे की क्रूस, यावर कितीतरी गावांत वाद रंगले. सभागृह जिवंत माणसांच्या कामाचे, हा मुद्दा बिनतोड होता आणि काही गावांनी तो मानलाही. तरी अनेक ठिकाणी क्रूसच उभा राहिला. तो तुलनेने स्वस्त पडे हे एक कारण, पण सभागृहात आईला फुले ठेवायला जागा नसते, हेही कारणच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गावातले मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट अधिकृत चर्चचे नव्हते. मग त्यांच्या मुलांची नावे त्या आवारात का? या तक्रारीत तथ्य होते, म्हणूनच काही गावांनी क्रूस चव्हाट्यावर किंवा गावच्या हिरवळीवर नेला. पण 1880 च्या दफन कायद्यानंतर या पंथांच्या लोकांनाही पॅरिश चर्चच्या आवारात आपापल्या विधीने मृतांना पुरता येत होते. म्हणजे उपासनेसाठी नसले, तरी मातीसाठी ते आवार साऱ्या गावाचे होते. तो मुलगा घरी म्हातारा होऊन मेला असता तर बहुधा जिथे पुरला गेला असता, तिथेच त्याचे नाव लागले.

‘देव, राजा आणि देश’ यांचा घोष काही क्रूसांवर आहे, कुठे दगडावर तलवारही आहे. हे मी नाकारत नाही. पण खेड्यातल्या क्रूसावर शत्रूचा उल्लेख सहसा सापडणार नाही, जिंकलेल्या लढायांची यादीही क्वचितच दिसेल. असतात ती नावे, आणि पुष्कळ ठिकाणी ती आडनावांच्या वर्णक्रमाने, म्हणजे जमीनदाराचा मुलगा आपल्याच गड्याच्या खाली. लिंकनशायरमधल्या फुल्स्टो गावाचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. लष्कराने गोळ्या घालून मृत्युदंड दिलेल्या गावातल्या एका सैनिकाचे नाव स्मारकावर घेता येईना, तेव्हा गावाने ‘मग कुणाचेच नको’ अशी भूमिका घेतली. तिथले स्मारक 2005 मध्ये झाले, त्या नावासह. विजयाचा डंका पिटणाऱ्या गावाला एका नावासाठी इतकी वर्षे स्मारकावाचून राहण्याचे कारण नव्हते.

नावाचे हे मोल महाराष्ट्रातल्या गावांशी ताडून पाहिले की नीट कळते. कोकणात आणि देशावर अनेक गावांत सरकारने बसवलेल्या पाट्या आजही आहेत: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले. मजकूर ठरावीक, फक्त आकडे बदलत जातात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे 46 जवान त्या युद्धात कामी आल्याचे सांगितले जाते. गावागावांत अशी माणसे होती, पण पाटीवर नाव नाही, म्हणजे कोणत्याच घराला बोट ठेवून ‘हा आमचा’ म्हणता येत नाही. ही पाटी भरतीचा हिशेब मांडते. मेसोपोटेमियात पडलेल्या मराठा पलटणींच्या शिपायांचेही तेच झाले. 1929 च्या बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि भारतीय शिपाई पलटणीखाली संख्येने नोंदवले गेले. हुद्द्यावरून फरक नको म्हणणारे कमिशन ते हेच. 2021 मध्ये त्याच संस्थेने आपल्या अहवालात कबूल केले, की आशिया आणि आफ्रिकेतल्या किमान 45,000 मृतांना असमान वागणूक मिळाली, आणि आणखी लाखाहून अधिक माणसांची नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही. इंग्लंडमधल्या खेड्याने आपली नावे कमिशनवर सोपवली नाहीत, स्वतः गोळा केली आणि स्वतः कोरून घेतली. वसाहतीतल्या गावाला ती मुभा कुणी दिलीच नव्हती. तिथे पाटीवर काय लिहायचे ते सरकारने ठरवले.