नोंदवहीबाहेरची वैद्यकी

बारा बलुत्यांच्या ज्या याद्या जुन्या दफ्तरांतून आणि वृद्धांच्या तोंडून आपल्यापर्यंत आल्या, त्यांत सुतार आहे, लोहार आहे, न्हावी-परीट आहेत, ग्रहांची गती सांगून शिधा नेणारा जोशीही आहे. पण ज्याच्यावाचून गावाचे एकही वर्ष निभत नसे तो वैद्य मात्र त्यांत सापडत नाही. ग्रहांना खळ्यावर वाटा होता आणि नाडीला नव्हता, याचे कारण मला असे दिसते की, जोशाचे पंचांग, सुताराची पाभर, लोहाराचा फाळ ही सारी कामे वर्षाच्या फेऱ्यात बसणारी होती, आणि आजार हा सुगी पाहून येत नाही. वैद्यकी त्या व्यवस्थेत शिरलीच असेल तर ती न्हाव्याच्या धोपटीतून. फासण्या टाकून तुंबडी लावणे, जळवा लावून दूषित रक्त काढणे, पिकलेले गळू फोडणे ही कामे वस्तऱ्याबरोबर त्याच्याकडे आपोआप आली. आणि हजामतीच्या हक्कातच शस्त्रक्रियाही उरकली जाई, हा सौदा रयतेने सुखाने पत्करला होता.

ज्या मुलखातली ही वैद्यकी मी सांगतो आहे त्या बुलढाणा जिल्ह्याचे वर्णन करताना आजही लोक घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख अशी वाटणी करतात; जुन्या राजवटींत तिलाच बालाघाट आणि पाईनघाट म्हणत. वर मेहकर-चिखलीकडे अजिंठ्याच्या रांगांतून बिब्बा, बेहडा, आवळा. खाली पूर्णेचे काळे खोरे आणि त्यातला खारपाणपट्टा. त्याच्याही उत्तरेस सातपुडा, जेथे कोरकू, निहाल, भिलाला यांची वस्ती आणि भूमका या त्यांच्या पुजारी-जाणत्याची सत्ता. लोणारच्या सरोवराचा क्षार तर अकबराच्या दरबारापर्यंत पोहोचला होता. अबुल फजलाने आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद केली ती काच आणि साबण यांना लागणाऱ्या जिनसांसाठी. दरबाराला त्यात उत्पन्न दिसले. आसपासच्या घरांतून मात्र त्याच खाराने पापड फुलत.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, पुढे जिल्ह्याचे ठाणे बुलढाण्याच्या थंड माळावर वसले आणि त्यामागून सिव्हिल सर्जन आला. येथे भाषेची एक गंमत नमूद केली पाहिजे. इंग्रज डॉक्टराच्या जागेला लोकांनी जे नाव दिले ते हकिमांच्या परंपरेतले, फारशी, 'दवाखाना' हे. शब्द जुना राहिला आणि आतला माणूस बदलला. पण लोकांच्या मनात निवड अशी झालीच नाही, कारण एकच रोगी सकाळी दवाखान्यात, दुपारी वैद्याच्या ओसरीवर आणि अमावास्येला सैलानीच्या दर्ग्यावर जाण्यात कसलीही विसंगती मानीत नसे. दासगणूंच्या गजाननविजयात खामगावच्या भाऊ कवर नामक डॉक्टरांची कथा आहे, त्यांना दुर्धर फोड झाला, शस्त्र आणि औषध दोन्ही थकले, तेव्हा शेगावच्या गजानन महाराजांचा अंगारा आणि तीर्थ आले. कथा भक्ताची आहे, ती त्याच श्रद्धेने वाचावी. तथापि डॉक्टरालाच रोगी करून ठेवण्यात त्या काळाचे मन स्पष्ट उमटले आहे.

या साऱ्यांत ज्याच्याविषयी लिहावे असे मला सर्वांत अधिक वाटते तो बिब्बा. चरकाने ज्याला भल्लातक म्हणून रसायनांत मानाचे स्थान दिले आणि शास्त्री वैद्य जो विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध करीत, तोच आमच्याकडे कोनाड्यात मिठाशेजारी पडलेला असे. लहानपणी बाभळीचा काटा टाचेत मोडला की, आजी बिब्बा दाभणाला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरी. त्याच्या तोंडाशी काळे तेल फुगून येई, आणि तो जळता थेंब जखमेवर पडताच मी जी किंकाळी फोडी ती शेजारच्या आळीपर्यंत जाई. किती थेंब, कोणाला, कोणत्या ऋतूत, हे सारे ज्ञान तिच्या हातात होते. हात चुकला तर बिब्बा उततो, अंगावर फोड येतात, मग तीळ आणि खोबरे यांची धावाधाव. औषध आणि विष यांत अंतर एका थेंबाचे, हे तिला कोणी शिकविले नव्हते.

परंतु परंपरेची आरती ओवाळणाऱ्यांत मला बसावयाचे नाही. तान्ह्या मुलाचे पोट फुगले म्हणून तापल्या विळ्याने त्यावर डाग देणारे जाणते सातपुड्यात होते, आणि ती प्रथा पुरती नाहीशी झाली असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. काविळीची माळही तशीच: गाठी मारून ओवलेल्या ओल्या काड्या जसजशा वाळतात तसतशी गाठ सैल होते, माळ डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर उतरते, आणि रोग उतरला असे मानून घर समाधान पावते. येथे अपाय एवढाच की, तेवढे दिवस दुसरा उपाय होत नाही; पण तेवढाही पुष्कळ असतो.

१९४७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात आयुर्वेदीय व युनानी वैद्यकव्यवसायींचा कायदा झाला, आणि पुढे १९६१ च्या कायद्याने सबंध महाराष्ट्राची एकच व्यवस्था लागली. परीक्षा दिलेल्यांची नोंदवही झाली, दीर्घकाळ व्यवसाय केलेल्यांची यादी झाली; श्लोक येणाऱ्या वैद्याला सनद मिळाली, हकिमाला मिळाली. भोंदूंना आवर घालण्यास असा कायदा हवाच होता. मात्र सुईण, हाडवैद, झोळी घेऊन हिंडणारा वैदू आणि तुंबडीवाला न्हावी, ज्यांची विद्या बोटांत होती आणि ज्यांपैकी बहुतेकांना सहीसुद्धा करता येत नव्हती, ते त्या वहीच्या कोणत्याच रकान्यात मावले नाहीत. बलुत्याच्या यादीत वैद्य नव्हता. सरकारच्या यादीत हे नव्हते.

तरी घाटाखालच्या एका गावी, हाडवैदाच्या ओट्यावर, मी अलीकडेच पहाटेपासून माणसे बसलेली पाहिली. एका शेतमजुराने बैलगाडीवरून पडलेल्या मुलाला आणले होते; आधी शहरात जाऊन हाताचा फोटोही काढला होता. म्हाताऱ्याने तो काळा कागद उन्हाकडे धरला, उलटसुलट केला, "बरा निघाला फोटो" म्हणून भिंतीशी टेकवून ठेवला, आणि मग मुलाच्या मनगटापासून कोपरापर्यंत आंगठा इतक्या हळू नेला की पोराचे रडणे मध्येच थांबले. एका जागी आंगठा अडला. त्याने डोळे मिटले, बांबूच्या कामट्या मागितल्या आणि सुनेला उडदाचे पीठ भिजवावयास सांगितले.