अहेरी जमीनदारी : राजघराणे आणि त्याचे दप्तर

अहेरी जमीनदारी, जिला तेथील लोक आजही ‘अहेरी इस्टेट’ म्हणतात, ही जुन्या मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्याची सर्वांत विस्तीर्ण जमीनदारी होय. पश्चिमेस प्राणहिता, पलीकडे निजामाचा मुलूख. दक्षिणेकडे व पूर्वेकडे इंद्रावतीचे खोरे आणि त्यापुढे बस्तर. मध्ये अडीच हजार चौरस मैलांहून अधिक प्रदेश, आणि त्यातला बहुतांश सागाचे व मिश्र झाडांचे घनदाट अरण्य, असा तिचा पसारा होता. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी, एटापल्ली व भामरागड या तालुक्यांचा मोठा भाग तिच्यात मोडत असे. तिचे धनी आत्राम हे राजगोंड घराणे असून चांद्याच्या गोंड राजवंशाशी आपले आप्तसंबंध असल्याचे ते सांगत आले आहे, आणि इंग्रजी गॅझेटियरांनीही चांदा जिल्ह्यातील जमीनदारांमध्ये त्याला मानाचे पहिले स्थान दिले आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः या घराण्याच्या व त्याच्या मुलखाच्या लेखी साधनांविषयी आहे. कारण इतक्या मोठ्या इस्टेटीचा इतिहास घराण्याच्या स्वतःच्या लेखणीतून फार थोडा आणि सरकारच्या लेखणीतून फार जास्त आपल्यापर्यंत आलेला आहे, आणि ही विषमता ध्यानात ठेवल्यावाचून त्यातला एकही कागद नीट वाचता येत नाही.

चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तरी वनप्रदेशातील जमीनदारांना भोसल्यांनी हात लावला नाही. या जमीनदारांनी दरसाल ‘टाकोळी’ भरावी, घाट व वाटा सुरक्षित राखाव्यात आणि आपल्या हद्दीतील बंदोबस्त आपणच पाहावा, एवढ्यावर त्या सरकारचा संतोष असे. टाकोळी ही शेतसाऱ्यासारखी जमिनीच्या मोजणीवरून ठरत नसे. धन्याचे स्वामित्व मान्य असल्याची ती खूण होती, म्हणून तिची रक्कम मुलखाच्या विस्ताराच्या मानाने अल्पच राही. मे १८१८ मध्ये चांद्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले व पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. आणि जी व्यवस्था शतकभर वहिवाटीवर चालली होती तिला प्रथमच ‘तुमचा हक्क कोणत्या कागदावर आहे?’ असा प्रश्न विचारला गेला.

या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर देण्याचे काम मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६३ च्या सुमारास हाती घेतले. प्रांतातील जमीनदाऱ्या व छोटी संस्थाने यांच्यावरील त्यांच्या अहवालानंतर पंधरा संस्थानिकांना मांडलिकाचा दर्जा मिळाला, आणि उरलेले सर्वजण सामान्य कायद्याखालचे जमीनदार ठरले. शेजारचे बस्तर पहिल्या वर्गात गेले, अहेरी दुसऱ्यात. मानाच्या दृष्टीने हा भेद घराण्याला किती खुपला असेल याची कल्पना करता येते. परंतु दप्तराच्या दृष्टीने त्याचा परिणाम त्याहून दूरगामी झाला. बस्तरचा पत्रव्यवहार राजकीय खात्याच्या मार्गाने जाऊन स्वतंत्र संस्थान म्हणून जपला गेला, तर अहेरीचे कागद जिल्हा कचेरीच्या महसुली दप्तरात, शेकडो मालगुजारी गावांच्या मिसलींशेजारी, एकाच फडताळात पडले. अहेरीचा शोध घेणाऱ्याला म्हणून राजघराण्यापेक्षा तहसिलीच्या वाटेने जावे लागते.

तुलनेसाठी वेल्सचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथील जमीनदार घराण्यांनी आपली खतपत्रे, खंडाच्या याद्या, कुळांचे करार, नकाशे आणि खाजगी पत्रे पिढ्यान्‌पिढ्या वाड्यातच सांभाळली व पुढे ती अॅबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या स्वाधीन केली. पेनराइस व मार्गम या इस्टेटीच्या संग्रहात तर मार्गमच्या मध्ययुगीन मठाच्या सनदाही सुरक्षित आहेत. तेथे जमीनदाराचा कारकून लिहीत होता आणि इतिहासकार त्याच्या खांद्यावरून वाचतो. अहेरीत बहुतेक ठिकाणी सरकारचा कारकून लिहितो, आणि जमीनदार व रयत हे दोघेही त्या लेखनात ‘तो’ म्हणून येतात.

या सरकारी लेखनाचा पाया म्हणजे मेजर लूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा १८६९ चा अहवाल. गोंड राजांच्या वंशाची परंपरागत हकीकत, जमीनदाऱ्यांची वर्णने, जाती-जमातींच्या चालीरीती आणि साऱ्याचे आकडे असे सर्व काही त्यात एकत्र आले, आणि पुढील लेखकांनी त्यातूनच उचल केली. १९०९ चे चांदा जिल्हा गॅझेटियर त्याच्यावर आधारलेले आहे, आणि महाराष्ट्र शासनाची पुढील आवृत्ती या गॅझेटियरवर. एकाच माणसाने ऐकलेली गोष्ट अशी तीन पिढ्यांच्या ग्रंथांतून प्रमाण होत गेली, हे अभ्यासकाने विसरू नये. मूळ सामग्री याहून खालच्या थरावर आहे. गावची जमाबंदी, शेतवार खसरा व नकाशा, गावातील चालीरीती व हक्क नोंदणारे वाजिब-उल-अर्ज, आणि जंगलातून जळण, बांबू, इमारती लाकूड, मोहफुले व चराई घेण्याच्या लोकांच्या वहिवाटीची निस्ताराची नोंद. एखाद्या पाड्यावरच्या माणसांनी कोणत्या डोंगरातून काय आणावे, हे ज्या कागदावर लिहिले आहे तो वरकरणी क्षुल्लक असतो. पण माझ्या मते अहेरीच्या साऱ्या दप्तरात त्याच्याइतका मोलाचा कागद दुसरा नाही, कारण रयतेचे जगणे तिच्याच व्यवहाराच्या रूपाने तेथे टिपले गेले आहे.

ज्या एका प्रसंगी अहेरीचे नाव साम्राज्याच्या पत्रव्यवहारात वारंवार येते तो म्हणजे १८५८ चा उठाव. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये गोंड व रोहिल्यांची फौज जमवून राजगड परगण्यात इंग्रजी अंमलाला आव्हान दिले. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामणपेठ येथे चकमकी झाल्या. आणि २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथील तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. या शेवटच्या घटनेने प्रकरणाचे स्वरूपच पालटले. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले, आणि त्यांच्या माणसांकरवी १८ सप्टेंबरला बाबूराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. व्यंकटराव बस्तरात निसटले. पुढे १८६० मध्ये ते धरले जाऊन त्यांना जन्मठेप झाली व त्यांची मालमत्ता जप्त झाली. अडपल्ली व घोट या जमीनदाऱ्यांची ६७ गावे लक्ष्मीबाईंना इनाम म्हणून मिळाली.

या प्रकरणी दप्तर आणि लोकस्मृती यांच्या वाटा जितक्या वेगळ्या झाल्या तितक्या क्वचितच होतात. इंग्रजी कागदांत लक्ष्मीबाई ‘एकनिष्ठ’ आहेत व बाबूराव ‘बंडखोर’. गोंड लोकांच्या सांगण्यात बाबूराव वीर आहेत, त्यांची जयंती व बलिदानदिन पाळला जातो, आणि २००९ मध्ये भारतीय डाक विभागाने त्यांच्या नावे तिकीट काढून त्या स्मृतीला राष्ट्राची संमती दिली. तथापि लक्ष्मीबाईंचा न्याय एका शब्दात करणे मला उचित वाटत नाही. नागपूरचे राज्य बुडाल्याला पाच वर्षेही झाली नव्हती. सनदा नव्याने तपासल्या जाणार होत्या. शेजारचे जमीनदार एकेक करून नष्ट होताना दिसत होते. अशा वेळी एका विधवा जमीनदारणीपुढे कोणते पर्याय होते, हे त्या पत्रांतून उमगत नाही, कारण त्या पत्रांत क्रिक्टन यांचा आवाज आहे, बाईंचा नाही. त्यांनी काय मान्य केले ते लिहिलेले सापडते. काय नाकारून पाहिले ते लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

साधनांच्या भाषेची अडचण येथेच सांगितली पाहिजे. रयत माडिया व गोंडी बोले, नदीकाठी तेलुगूचा वावर असे, मराठी लिखाणाला मोडी लिपी होती, आणि अखेरचा मसुदा इंग्रजीत होई. साक्षीदाराचे बोलणे दोन-तीन भाषा ओलांडून साहेबाच्या मेजावर येई, तोपर्यंत त्यातली नावेही ओळखू येईनाशी होत. अहेरीचे ‘अहिरी’, अडपल्लीचे ‘आर्पल्ली’, मोलमपल्लीचे ‘मोनमपल्ली’ असे रूप इंग्रजी ग्रंथांत आढळते. सूचीत योग्य नाव न सापडल्याने कागदच नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ही रूपे आधी पडताळून पाहावीत. नागपूर येथील अभिलेखागारात, चंद्रपूरच्या जिल्हा कचेरीच्या जुन्या दप्तरात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील परराष्ट्र खात्याच्या कागदांत हा शोध घ्यावा लागतो.

वनसंपत्तीचा इतिहास तितक्याच विस्ताराचा असला तरी त्याची साधने बहुतांशी वनखात्याची आहेत. अहेरीच्या सागाची ख्याती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच अधिकाऱ्यांच्या लेखनात दिसते, आणि आलापल्लीच्या राखीव जंगलातील ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखला जाणारा नैसर्गिक वनाचा तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला.

जमीनदारीचा अंत मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने झाला. ३१ मार्च १९५१ रोजी सर्व जमीनदाऱ्या व मालगुजाऱ्या शासनाकडे आल्या. धन्याकडे घर, घरशेती आणि निव्वळ उत्पन्नावरून ठरणारी नुकसानभरपाई राहिली. या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मध्य प्रदेशातील जमीनदारांच्या अर्जांना ज्या प्रमुख खटल्याचे नाव मिळाले तो ‘विश्वेश्वरराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ हा खटला अहेरीच्याच राजांचा होय, आणि न्यायनिर्णयाच्या आरंभीच सिरोंचा तहसिलीतील अहेरी जमीनदारीचे व गडचिरोली तहसिलीतील मालगुजारी गावांचे धनी म्हणून त्यांची ओळख नमूद आहे. घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने असे कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीतून वगळून नवव्या अनुसूचीत घातले असल्यामुळे अर्जदारांना अन्य मुद्द्यांवर भर द्यावा लागला. त्यांतील एक मुद्दा दप्तरशास्त्राच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावा असा आहे. विधानसभेच्या एप्रिल १९५० मधील छापील कार्यवृत्तात ‘विधेयक संमत व्हावे’ हा शेवटचा ठराव मंजूर झाल्याची नोंद नाही, सबब विधेयक संमत झालेच नाही, असे म्हणणे मांडले गेले. न्यायालयाने मूळ विधेयकावरील अध्यक्षांचे प्रमाणपत्र निर्णायक मानून ही नोंद नजरचुकीने राहिली असे ठरवले, आणि मे १९५२ मध्ये अर्ज फेटाळले. शंभर वर्षांपूर्वी ज्या घराण्याला त्याच्या हक्काचा कागद मागितला गेला होता, त्याने आता राज्याला त्याच्या कायद्याचा कागद मागितला. आणि दोन्ही वेळा कोणता कागद पुरा व कोणता अपुरा हे ठरविण्याचा अधिकार राज्याकडेच होता.

हा न्यायनिर्णय, त्याच्या जोडीस नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या मिसली, ही अहेरीच्या दप्तराची अखेरची मोठी भर होय. या मिसलींत उत्पन्नाच्या बाबी, सीर व खुदकाश्त म्हणजे धन्याच्या घरच्या जमिनी, जंगल व बाजार यांचे तपशील सादर करावे लागत. राजे विश्वेश्वरराव पुढे नागविदर्भ आंदोलन समितीचे संस्थापक झाले व १९७७ मध्ये चंद्रपूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. आत्राम घराण्यातील व्यक्ती त्यानंतरही विधानसभेत व राज्याच्या मंत्रिमंडळात राहिल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, तेव्हा चांदा, सिरोंचा व गडचिरोली अशा तीन ठिकाणी आधीच विखुरलेल्या कागदांना आणखी एक ठिकाण मिळाले.

लेखी साधनांबाहेरचे एक साधन अहेरीत अद्याप जिवंत आहे. दसऱ्याला राजवाड्यातून पालखी निघते, गडअहेरीकडे सीमोल्लंघन होते, आणि दूरदूरच्या गावांहून माणसे राजांच्या भेटीस येतात. कोणते गाव येते, कोणाचा मान आधी, हा क्रम कुठल्याही गॅझेटियरपेक्षा जुन्या इस्टेटीची रचना अधिक नेमकेपणाने सांगू शकेल. तो कोणी वर्षानुवर्षे, गावांच्या नावांसह, गोंडीत व मराठीत टिपून ठेवावा असे मनापासून वाटते, कारण भेटीस येणाऱ्या वृद्धांची संख्या आता घटत चालली आहे.

जमीनदारी गेली तरी तिचे कागद निरुपयोगी झालेले नाहीत. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याखालील नियमांत दाव्यासाठी ग्राह्य पुरावा म्हणून गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल व नकाशे तर आहेतच, शिवाय पूर्वीच्या संस्थानांनी, प्रांतांनी किंवा तत्सम मध्यस्थांनी दिलेल्या हक्कांच्या व सवलतींच्या नोंदीही स्पष्टपणे आहेत. याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि नंतर जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभांनी तो मार्ग धरला. जी ग्रामसभा आज आपल्या सीमेतील बांबू व तेंदूपत्त्यावर हक्क सांगते, तिला निस्ताराचा जुना कागद, मोडीतील वा इंग्रजीतील, रुमाल सोडून वाचून दाखविणारा माणूस लागतो. आणि अहेरीच्या दप्तराचे खरे वाचक सध्या इतिहासकारांपेक्षा भामरागड-एटापल्लीकडील या ग्रामसभाच आहेत.